घोड्यावरची बाई

कार्डिफच्या एका हॉस्पिटलात कडूबा पोर्टर होता. दिवसभर पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचा आणि घरी मुका बसायचा. म्हणून १९८७च्या एका रविवारी त्याने कोटातून बांबूचं कोरीव भांडं काढलं, तेव्हा चंदाबाईने आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग भांडं.

भांड्यावर घोड्यावर बसलेली देखणी बाई. हातात वीणेसारखं वाद्य. वर उडणारे हंस.

"कुठनं आणलं?"

"बाजारातनं."

"रविवारी? दुकानं तर बंद असतात."

कडूबा गप्प बसला नाही. उलट बोलतच सुटला. हे चिनी लोकांचं कुंचले ठेवायचं भांडं. ही वांग चाओचुन. राजाने हिला परमुलखात देऊन टाकली. वाटेत हंसांनी तिला पाहिलं, पंख हलवायचे विसरले आणि खाली पडले.

वीस वर्षांत या माणसाने बायकोला शेजारची बातमीसुद्धा धड सांगितली नव्हती. चंदाबाईच्या मनात पाल चुकचुकली. ही गोष्ट त्याला शिकवली कुणी? त्याच्या वॉर्डात हाँगकाँगची एक नर्स होती. नवरा हातचा गेला, तर या देशात तिला दुसरं कोण होतं?

मंगळवारी ती भांडं टॉवेलात गुंडाळून वॉर्डात गेली. नर्स दिसताच तिने भांड्यावरचा चेहरा नर्सच्या चेहऱ्याशेजारी धरला. नाक जुळेना.

"हे माझ्या नवऱ्याला तू दिलंस?" मोडक्या इंग्रजीत तिने विचारलं.

नर्स हसली. "मी कशाला? हे मिस्टर प्राइसचं. जन्म बोटीवर गेला त्यांचा. वांग चाओचुन आणि तिच्यासारख्या चार चिनी सुंदरींच्या गोष्टी सगळ्यांना सांगत असतात."

पलीकडच्या खाटेवरून म्हातारा ओरडला, "मीच दिलं! तो एकटाच बसून ऐकतो!"

टेबलापाशी बसलेल्या वॉर्डप्रमुख सिस्टरने मान वर केली. पेशंटकडून भेट घ्यायची नाही, असा नियम होता. चंदाबाईला तो ठाऊक नव्हता. कडूबाला होता.

भांडं सिस्टरने ठेवून घेतलं. कडूबाला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची बदली कपडे धुण्याच्या विभागात झाली.

घरी जाताना बसमध्ये दोघं शेजारी बसले.

"तुम्ही मला खरं सांगायला हवं होतं," चंदाबाई म्हणाली.

"पटलं असतं?"

तिने मनापासून विचार केला.

"म्हाताऱ्याने दिलं, हे पटलं असतं. तुम्ही बसून ऐकत होता, हे नसतं पटलं. माझं कधी ऐकलंत?"