दोरीच्या आत चार पावलं

ग्लासगो सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. गाडी भाची चालवत होती, मीरा, इथेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी. सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले तेव्हा ती शाळेत होती. आता फार्मसी शिकते आणि एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने कॅसेट बदलते.

"मावशी, तुझी सीटबेल्ट लावला?"

"लावला गं."

"मग असा फेस का केली? आपण बर्ड्स बघायला चाललोय की कुणाच्या फ्युनरलला?"

मी हसल्यासारखं केलं. कशासाठी चालले आहे हे मी ताईला सांगितलं नव्हतं, भाऊजींनाही नाही. वाचकांना मात्र आत्ताच सांगते, कारण सात वर्षांपूर्वी त्यांनाही मी अर्धंच सांगितलं होतं.

तेव्हा एका दिवाळी अंकात मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या पक्षिमित्र मंडळाबद्दल लिहिलं होतं. सोबत माझं एक छायाचित्र छापलं होतं. समुद्राच्या गोट्यांत एक खळगा, आणि त्यात गोट्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. नाशिकला त्या चित्राचं फार कौतुक झालं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ते अजून भिंतीवर आहे. ते चित्र काढताना मी शेजारचं घरटं पायाखाली चिरडलं, आणि त्याचा आळ एका म्हाताऱ्या माणसाच्या कुत्रीवर घातला. हे लेखात नव्हतं. या खेपेला मी तेवढंच सांगायला निघाले होते.

पर्थच्या पुढे ऊन पडलं. दोन्ही अंगांना मोहरीसारखी पिवळी शेतं आणि बांधांवर गॉर्सची (पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं) दाटी. मेंढ्या इतक्या स्वच्छ की कुणी सकाळी धुऊन सोडल्यासारख्या. रस्त्याकडेच्या एका टपरीवर मीरा थांबली.

"व्हेजमध्ये फक्त एग रोल आहे, मावशी."

"नको. मी चिवडा खाईन."

"अंडी खातेस ना तू? घरी तर खाल्लीस."

तिथे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मी तिला सगळं सांगितलं.

त्या मंडळात पंचवीस-तीस माणसं. निवृत्त परिचारिका, खाटीक, पोस्टातली बाई, असे गावातलेच. छोटा सुरय नावाचा एक पक्षी, चिमणीहून थोराड, पांढराशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. तो दर उन्हाळ्यात आफ्रिकेहून त्यांच्या किनाऱ्यावर येतो आणि उघड्या गोट्यांत अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही, नुसता खळगा. अंडी दिसत नाहीत हेच त्यांचं संरक्षण आणि हाच धोका. म्हणून मंडळ मे महिन्यात खुंट ठोकून दोरी बांधतं आणि पिल्लं उडेपर्यंत दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून पहारा देतं. दोरीच्या आत कुणी जायचं नाही. पहाऱ्याच्या खोपटात एक डायरी असते. पाळीत जे घडलं ते शाईने लिहायचं. खाडाखोड नाही. चुकलं तर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि बरोबर काय ते खाली लिहायचं. पण रेघ मारायचा हक्क फक्त ज्याने लिहिलं त्याचा.

त्या वर्षी मी सुट्टीत दोन आठवडे पहाऱ्याला होते. एका दुपारी हार (समुद्रावरून आत शिरणारं थंड धुकं) एकाएकी विरली आणि असा उजेड पडला की काय सांगू. मंडळाच्या चिटणीस मार्गारेटबाई चहाचा थर्मास भरायला गावात गेल्या होत्या. रोलमध्ये शेवटचे तीन फोटो उरले होते. मी दोरी उचलली आणि चार पावलं आत गेले. सुरय ओरडत डोक्यावर आले. एक खटका दाबला, एक पाऊल मागे घेतलं. पापड मोडतो ना, त्याहून हलका आवाज झाला.

मार्गारेटबाई परतल्या तेव्हा मी दोरीच्या बाहेर होते. पक्षी अजून ओरडत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. दूर, ओहोटीच्या रेषेजवळ, अ‍ॅलेक नावाचे गृहस्थ आपली कुत्री, बेस, घेऊन चालले होते. रोजच जायचे. "कुत्रा आला असेल बहुतेक," मी म्हणाले. डायरीत लिहिताना 'बहुतेक' गळलं. 'दुपारी तीन. एक घरटं गेलं. कुत्रा.' अक्षर माझं, खाली सही माझी.

अ‍ॅलेक मंडळाचेच, सगळे खुंट त्यांनी घडवलेले. ते एवढंच म्हणाले, "बेस माझ्या पायाशी होती." त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही. पण आठवड्याभरात किनाऱ्याच्या तोंडाशी कुत्र्यांना बंदीची पाटी लागली. मी निघाले त्या दिवशी ते पाटीच्या अलीकडे, रस्त्यावर उभे होते, एकटे. मला हात केला. मीही केला.

मीराने एग रोल कागदात गुंडाळून ठेवला. "आणि हे तू मॅगझिनमध्ये नाही लिहिलास."

"नाही."

"ओके," ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास कॅसेट लावली नाही.

गाव होतं तसंच. करड्या दगडांची घरं, खिडक्यांत भांडी घासून ठेवावीत तशा मांडलेल्या फुलांच्या कुंड्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मार्गारेटबाईंनी दारातच माझ्या पायांकडे पाहिलं. "हे बूट चालायचे नाहीत," म्हणाल्या आणि आपल्या नवऱ्याचे रबरी बूट दिले. त्यात माझे पाय डब्यातल्या लाडवांसारखे हलत होते. आधी ब्रॉथ (जव आणि भाज्यांचं दाट सार) प्यायला लावलं, मग किनाऱ्यावर नेलं.

मनातली गोष्ट जिभेवर येत नव्हती, म्हणून मी बघत राहिले. आणि बघण्यासारखं खूप होतं. पिल्लांना ससाण्यापासून लपता यावं म्हणून गटाराच्या जुन्या मातीच्या नळ्यांचे तुकडे गोट्यांत पेरले होते. कोल्ह्यांसाठी विजेची बारीक तार होती. भरतीच्या पाण्यात जातील अशी घरटी ही माणसं रोज वीतभर, असं करत चार-पाच दिवसांत वर सरकवतात. एकदम सरकवलं तर पक्षी ओळखत नाही. खाटीक गृहस्थ पोटावर पडून पिल्लं मोजत होते. मला बघून न उठताच म्हणाले, "इंडियाहून? आमचा सुरय आफ्रिकेहून येतो आणि एवढं सामान नाही आणत."

चिवड्याचा डबा उघडून मी त्यांच्यापुढे धरला आणि त्याच क्षणी एका समुद्रपक्ष्याने मागून झडप घातली. डबा उडाला. मोठ्या बुटांत तोल जाऊन मी गोट्यांवर बसले. नाशिकचा चिवडा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पसरला आणि सगळे पोट धरून हसले. "वेचा आता!" खाटीक ओरडले. "एकेक दाणा! परदेशी खाद्य पक्ष्यांना घालायचं नाही, नियम आहे!" आम्ही पाच जणांनी गुडघ्यांवर बसून शेंगदाणे वेचले.

मग खोपटात आम्ही तिघीच उरलो. मी पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. इंग्रजी वाक्यं मी विमानात घोकली होती, निम्मी विसरले.

मार्गारेटबाईंनी फोटो जवळ ओढला. "दोरीच्या आतून," एवढंच म्हणाल्या. मग फळीवरून त्या वर्षीची डायरी काढली. माझं पान त्यांनी उघडलं नाही. त्याच्या दहा दिवस आधीचं उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. 'खुंट ठोकताना माझ्या टाचेखाली एक अंडं फुटलं. चूक माझी. मार्गारेट.'

"तुम्ही आलात त्या दिवशी मी सांगितलं होतं, आधीची पानं वाचा म्हणून."

सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि सरळ कोरं पान उघडलं होतं.

मी पेन मागितलं. त्यांनी दिलं नाही. "आधी अ‍ॅलेक," त्या म्हणाल्या.

अ‍ॅलेक आता पंच्याहत्तरीचे. घरामागच्या शेडमध्ये खुंट तासत होते. मार्गारेटबाईंनी वाटेत सांगितलं, की दर एप्रिलला ते खुंटांची मोळी पाटीपाशी ठेवून जातात. पाटीच्या पुढे मात्र एकदाही आले नाहीत. मला त्यांनी ओळखलं. "फोटोवाल्या बाई," म्हणाले आणि बसायला ओंडका दिला. मी उभीच राहिले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी रंधा खाली ठेवला. हातावरचा भुसा झाडला.

"बेस दोन वर्षांपूर्वी गेली," ते म्हणाले. "शेवटी ऐकू येत नव्हतं तिला. पण ते वळण आलं की ओढायची. किनाऱ्याकडे. मी रोज तिला परत फिरवायचो."

मी त्या ओंडक्यावर बसले.

"आणि एक सांगतो. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, नजर चुकवून गेली असेल. तुम्ही कशाला खोटं लिहाल? एकदा मी तिला त्यावरून ओरडलो. कशासाठी ओरडतोय, ते तिला काय कळणार."

मीरा शेडच्या दारात पाठमोरी उभी राहिली. मी "आय अ‍ॅम सॉरी" म्हणाले. ते शब्द इतके तोकडे वाटले, की दुसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली. अ‍ॅलेक "ठीक आहे" म्हणाले नाहीत. ते न म्हटल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. "कुठे लिहिणार आहात, तिथे मी असेन."

पाटीपाशी आल्यावर ते क्षणभर थांबले. मग चालू लागले.

खोपटात मी माझ्या जुन्या ओळीवर रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. खाली लिहिलं, 'घरटं माझ्या पायाखाली गेलं. मी फोटोसाठी दोरीच्या आत होते. कुत्रा नव्हता.'

अ‍ॅलेकनी चष्मा लावून वाचलं. "कुत्रा नको," ते म्हणाले. "नाव घाला तिचं."

'कुत्रा नव्हता'वर रेघ मारून मी लिहिलं, 'बेस तिथे नव्हती.' त्यांनी मान डोलावली. मग दुर्बिणीपाशी जाऊन बसले. मार्गारेटबाईंनी विचारलं, "दोन ते चारला कुणी नाही, अ‍ॅलेक. बसाल?"

"बसलोच आहे की," ते म्हणाले.

परतताना ऊन समोरून होतं. मीरा म्हणाली, "मावशी, तू ब्रेव्ह आहे का स्टुपिड, मला कळत नाही."

"उशिरा आलेली आहे," मी म्हणाले. तिने माझ्या हातावर एकदा हात ठेवला आणि गिअर बदलला.

अशी मंडळं आपल्याकडेही निघावीत असं मी मागच्या लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. आजही तेच वाटतं. पण तेव्हा मी त्या माणसांच्या चिकाटीचं कौतुक केलं होतं. आपली चूक शाईने लिहून, ती पुढच्याला वाचायला ठेवून हे लोक पहारा देतात, हे तेव्हा मला दिसलंच नव्हतं.

नाशिकला आल्यावर मी शिक्षकांच्या खोलीतला तो फोटो काढायला गेले आणि थांबले. काढून टाकणं ही खाडाखोड झाली. तो जागेवरच आहे, फक्त त्याखाली एक चिठ्ठी लावली आहे. तुमच्यापैकी कुणाकडे तो जुना दिवाळी अंक अजून असेल, तर पान फाडू नका. चित्राखाली जागा आहे, तिथे शाईने, माझ्या वतीने लिहा: हे चित्र दोरीच्या आतून काढलं आहे. मागे दुसरं घरटं होतं. बेस तिथे नव्हती.