भावजींची रायफल आणि माझा नकार

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी श्रीधर भावजींच्या गोळ्यांची डबी भरत होते. आठवड्याचे सात कप्पे. शुक्रवारपर्यंत भरून झाले होते. फोनवरची बाई फार हळुवार बोलत होती, आणि हळुवार बोलतेय यावरूनच मला कळलं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन नीट झालं होतं, तिसऱ्या दिवशी पहाटे मात्र... मी तिचं बोलणं संपू दिलं, थँक यू म्हटलं, फोन जागेवर ठेवला आणि शनिवार-रविवारचे कप्पेही भरून टाकले. अर्धवट काम मला ठेवता येत नाही. आज सात आठवडे झाले, एक काम मात्र मी अर्धवट ठेवलं आहे. ते आता करते.

अन्वी, नील, हे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तिकडे बेलव्ह्यूला तुमचे बाबाच हे वाचून दाखवतील आणि मध्ये मध्ये इंग्रजीत समजावतील. पत्रच लिहिणार होते. पण पत्र मी पाकिटात घालून कपाटात ठेवून दिलं असतं, मी स्वतःला ओळखते. म्हणून मराठी पेपरच्या पुरवणीत छापायला देते आहे. छापलेलं परत घेता येत नाही. निखिल, वाचताना काही गाळू नकोस, तुझं नाव आलं तरी.

श्रीधर भावजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, तुमचे श्रीआजोबा. तीस वर्षं त्यांनी इथे चँडलरला चिपच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी भावजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मीच त्यांना इकडे मागच्या खोलीत राहायला बोलावलं. घराचे नियम मी फ्रिजवर लावले होते. ते त्यांनी चष्मा लावून वाचले, खाली सही केली आणि म्हणाले, "वहिनी, कारखान्यात एवढे नव्हते." मी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, नियम लिहून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यांच्या सामानात एक लोखंडी कपाट होतं. त्यात रायफल. कॉलेजात असताना ते नेमबाजीच्या संघात होते. निवृत्त झाल्यावर तो नाद पुन्हा जडला. दर रविवारी वाळवंटातल्या रेंजवर जायचे, कागदावर नेम धरायचे, जेवायला घरी. कपाट गराजमध्ये, गोळ्या दुसऱ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या कमरेला. नियमांत बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी फक्त तोंड वाकडं केलं. तोंड वाकडं करणं मला चांगलं जमतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचा नेम बिघडला. निदान त्यांना तसं वाटलं. मग शोध लावला की चूक त्यांची एकट्याची नाही, हँडगार्डचीही आहे. हँडगार्ड म्हणजे नळीभोवतीचं आवरण, जिथे पुढचा हात धरतो. जुनं प्लास्टिकचं होतं, दोन्ही टोकांना अडकवलेलं. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की पिशवीचा दाब त्या आवरणातून नळीवर जायचा आणि गोळी भलतीकडे. त्यांना हवं होतं फ्री-फ्लोट, म्हणजे फक्त मागच्या टोकाला आवळलेलं, बाकी नळीला कुठेही न टेकणारं. हे सगळं त्यांनी मला माझं लाटणं आणि पेपर टॉवेलची पुठ्ठ्याची नळी घेऊन समजावलं. "हात थरथरतो ते मला दिसतं, वहिनी. पण नळीला कळता कामा नये." मी म्हटलं, "कळलं. लाटणं जागेवर ठेवा."

तीन आठवडे निवड चालली. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला मोजपट्टी. "दोनशे-तीनशे डॉलरचं कशाला घ्यायचं? त्यात नावाचे पैसे. मला शंभरच्या आतलं हवं. लांबी नळीवरच्या पुढच्या ठोकळ्याच्या अलीकडे संपणारी, वजन कमी, आणि नळी आवळायचा नट त्यांचाच, बरोबर दिलेला. नट बसला नाही तर बाकी सगळं शोभेचं."

"आणि रंग?" मी विचारलं.

"वहिनी, मी साडी घेत नाहीये."

शेवटी आलं ते अगदी साधं, काळं, ॲल्युमिनियमचं. बरोबर चार पानी सूचना, फार वाईट इंग्रजीत. भावजी सूचना वाचणाऱ्यातले नव्हते, आणि चुकीचं इंग्रजी दिसलं की मला राहवत नाही. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी मी गराजमध्ये स्टुलावर बसून वाचत होते आणि ते करत होते. आधी त्यांनी रायफल उघडून मला आत बघायला लावलं. "रिकामी आहे. बघितलंत? तोंडाने म्हणा." मी म्हटलं, "रिकामी आहे." मग नळीच्या पुढचा ठोकळा काढायचा होता, कारण त्याशिवाय जुना नट निघत नाही आणि नवा चढत नाही. त्या ठोकळ्यात दोन बारीक पिना. सूचनेत लिहिलं होतं, डावीकडून उजवीकडे ठोकाव्यात. भावजींनी अर्धा तास ठोकलं. पिन हलेना.

"डावीकडून म्हटलंय," मी म्हटलं.

"डावीकडूनच ठोकतोय."

"कुणाच्या डावीकडून? रायफल तुम्ही उलटी धरली आहे व्हाइसच्या पकडीत."

ते थांबले. रायफलकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. मी माझं वाचायचं भिंग आणलं आणि दोन्ही बाजू नीट तपासल्या. पिन एका टोकाला तिळभर बारीक होती. म्हटलं, बारीक टोकाकडून ठोका, डावं-उजवं सोडा. तीन ठोक्यांत बाहेर! "तीस वर्षं फुकट गेली माझी," असं म्हणून ते इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. मग आट्यांना ग्रीस लावणं, नट मोजून जोर लावणाऱ्या टॉर्क पान्याने आवळणं, सैल करणं, पुन्हा आवळणं. बाराचा गॅस मागे नेणारी बारीक नळी नटाच्या खाचेतून सरळ जाते ना ते बघणं. "खाच जुळत नसेल तर आणखी आवळत पुढे जाऊन जुळवायची, सैल करून मागे येऊन नाही," हे त्यांनी मला शिकवलं. शेवटी आवरण चढवून स्क्रू आवळले आणि त्यांनी कागदाची पट्टी नळी आणि आवरण यांच्यामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखवली. कुठेही अडकली नाही. दीड वाजला होता. वरणभात लावायचा राहिला, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. असं माझ्या घरात कधी होत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चला ना वहिनी, बघायला. निम्मं काम तुमचं आहे." मी म्हटलं, मला इस्त्री आहे. दुपारी ते कागद घेऊन आले. पाच भोकं, सगळी एका नाण्याखाली झाकतील एवढी जवळ. तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला, माझ्या नियमांच्या शेजारी. बुधवारी भजनाला बायका यायच्या होत्या, मी तो काढून ठेवला.

दसऱ्याला त्यांनी हत्यारांची पूजा मांडली. पाने, टॉर्क रेंच, माझी विळीसुद्धा. विचारलं, "रायफल ठेवू?" मी म्हटलं, "देवापुढे बंदूक? ह्यांना चाललं नसतं." "दादाला?" ते म्हणाले. "दादा म्हणाला असता, आधी मला एक बार काढू दे."

मुलांनो, इथे थांबून एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पिढीतल्या बाईला 'मला नको' म्हणायला कुणी शिकवलं नाही. नकार नेहमी दुसऱ्याच्या नावावर द्यायचा. सिनेमाला जायचं नसेल तर 'सासूबाईंना आवडत नाही', कुणाकडे राहायचं नसेल तर 'ह्यांना सुट्टी नाही'. सासूबाई आणि हे दोघंही बिचारे माझ्या नकारांनी गावभर बदनाम झाले. त्यात मला कधी खोटं वाटलं नाही. ती एक रीत होती, दाराला पडदा लावतात तशी.

दिवाळीच्या सुमारास भजनातली एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे गन आहे म्हणे? आम्ही मुलांना घेऊन येतो ना, म्हणून जस्ट विचारलं हं." मला फार लागलं. रायफल घरातून जायला हवी असं मी त्याच दिवशी ठरवलं. त्या आठवड्यात निखिलचा फोन आला, डिसेंबरमध्ये तुम्हाला घेऊन येतो म्हणून. मी मुद्दाम रायफलचा विषय काढला.

"लॉक्ड आहे ना, आई?"

"आहे."

"गोळ्या वेगळ्या? किल्ली काकाकडे?"

"हो."

"मग काय प्रॉब्लेम आहे? काका आहे तो, यार. माझ्यापेक्षा डबल केअरफुल आहे. नीलला त्याचं वर्कबेंच बघायचंय, वेडा झालाय तो."

हे तुमच्या बाबांचे शब्द. आणि दुसऱ्या दिवशी चहा ओतताना मी भावजींना जे सांगितलं ते हे: "निखिल म्हणतो, बंदूक घरात असेल तर मुलांना आणणार नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "निखिल म्हणाला?"

"हो."

"असं म्हणाला..." निखिलला सायकल त्यांनी शिकवली होती, गाडीही त्यांनीच. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "बाप आहे तो."

मी 'मला नको' म्हटलं असतं तर त्यांनी रायफल तेवढ्याच मुकाट्याने दिली असती. फक्त एकदा विचारलं असतं, का? आणि त्या शनिवारच्या सकाळनंतर माझ्याकडे त्याचं धड उत्तर नव्हतं. बंदुकीच्या दुकानात रीतसर कागद करून त्यांनी ती रेंजवरच्या मित्राला, वॉल्टरला दिली. रविवारी घरी बसू लागले.

मग तुम्ही आलात. पाच दिवस. तुम्हाला आठवत असेल, श्रीआजोबा सगळ्याला "आस्क युअर डॅड" म्हणत होते. नीलने ड्रिल मागितलं, आस्क युअर डॅड. अन्वीने कोपऱ्यावरच्या दुकानात चला म्हटलं, आस्क युअर डॅड. तुम्ही गराजमध्ये गेलात की ते बाहेर येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून. निखिल स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "काकाला काय झालंय? मी काय पाहुणा आहे का?" मी म्हटलं, "वय झालं रे." निघायच्या संध्याकाळी भावजी त्याला म्हणाले, "पुढच्या वेळी आणशील ना मुलांना? आता घरात काही नाही." निखिल म्हणाला, "म्हणजे?" आणि मी आतून ओरडले, "पोळ्या गार होतायत!" मी ते ऐकलं होतं, निखिल. ऐकूनच ओरडले.

रायफलचं एवढं काही नाही; ती आज ना उद्या सुटलीच असती, हात फार थरथरायला लागले होते. पण ज्याला त्यांनी वाढवलं तो आपल्याला आपल्या मुलांजवळ धोक्याचा माणूस समजतो, असं मानून ते ते पाच दिवस वागले. आणि त्यानंतरचे अडीच महिने.

मला संधी मिळाली नाही असं नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मी वरणभात घेऊन गेले होते. ते म्हणाले, "निखिलला सांगा, माझा राग नाही. त्याने बापाचं काम केलं." चमचा माझ्या हातात होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, नर्सही नव्हती. मी म्हटलं, "बोलू नका, ठसका लागेल." शहाण्यासारखे सगळं जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

दहाव्या दिवशी वॉल्टर भेटायला आला. हातात टोपी घेऊन बसला, म्हणाला, श्रीधर रेंजवर सगळ्यांना सांगायचा की पिनेचं कोडं माझ्या वहिनीने भिंग लावून सोडवलं, मी नुसता ठोकत बसलो होतो. मला हे माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही यायच्या आधीच्या आठवड्यात भावजींनी घरातल्या प्रत्येक खणाला आणि प्रत्येक कपाटाला आतून मुलांसाठीच्या कड्या लावल्या होत्या. सुऱ्यांच्या खणाला, सिंकखाली, औषधांना. इतकंच काय, चमच्यांच्याही खणाला. निखिल हसला होता, "काका, अन्वी अकरा वर्षांची आहे!" नंतर अंत्यविधीला आलात तेव्हा निखिल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाला, "आई, या काढून टाकतो, तुझ्या बोटांना त्रास होतो." आणि मी म्हटलं, "राहू देत. काकांना आवडणार नाही."

म्हणजे गेलेल्या माणसाच्याही नावावर मी एक नकार खपवला.

तेव्हा निखिल, ही ओळ मुलांसमोर मोठ्याने वाच. तू कधीच नको म्हणाला नव्हतास. मी म्हणाले होते. आणि त्या कड्या काढायच्या नाहीत, कारण त्या मला हव्या आहेत. रोज सकाळी चहासाठी चमचा काढताना खण बोटभर उघडतो आणि अडतो. मग आत अंगठा घालून कडी दाबावी लागते.