व्याह्यांच्या पायांसाठी काढलेला दगड

लेकीच्या लग्नाची तारीख घरात, पंख्याखाली, पोह्यांवर ठरवायची असते. आम्हाला मात्र ती ओढ्याकाठी, रोडगे खाऊन ठरवायची होती. आम्हाला म्हणजे मला.

व्याही पातूरचे, आम्ही अमरावतीचे. दिवाळी नुकतीच झाली होती आणि चिखलदऱ्याच्या वाटेवरचा ओढा अजून वाहत होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला टाकले, बायको-लेकीनं वांग्याची भाजी चुलीवर चढवली, आणि व्याह्यांना तोवर गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. तारखेचं बोलणं जेवणानंतर होतं. तेवढा वेळ तरी मला शहाणं दिसायचं होतं.

हा ओढा डोंगरातून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. दगडांची एक रांग, खाली डोह, पुन्हा रांग, पुन्हा डोह.

"पाहा इवाई," मी म्हणालो, "पानी पायरीवरून पडते, डोहात घुसळते, तिथं त्याचा जोर मरते. मंग गरिबावानी पुढं जाते. तिकडं हिमालयात बर्फावरून पानी वाहते ना, थेही बर्फ कोरून अशाच पायऱ्या करते. मोबाइलवर पाह्यलं म्या. हे दगड आहेत म्हनून बरं, नाई तं सुसाट सुटलं असतं."

"अभ्यास हाय तुमचा," व्याही म्हणाले. तिथेच मी बिघडलो.

जेवणाआधी मुलाकडच्यांच्या पायांवर पाणी घालायची रीत. तांब्या आणला होता, पण समोर डोह असताना तांब्या कशाला? काठावर पाय सोडून बसण्याजोगी छान सपाट जागा होती. फक्त तिच्यापुढे, पायरीच्या कडेला, एक दगड पाचरीसारखा रुतला होता.

"हा काहून मधात?" म्हणत मी तो उपटला.

उपटला म्हणजे हलवला. पुढचं पाण्यानं केलं. शेजारचे दगड घसरले, पायरी खचली, आणि अख्खा डोह गढूळ होऊन खालच्या डोहात कोसळला. तिथे एक स्टीलचा डबा थंड व्हायला ठेवला होता. तो उचलला गेला, आडवा झाला आणि ठणठण करत ओढा उतरू लागला. झाकण एकीकडे, बासुंदी सगळीकडे.

"डबा तिथं कोनं ठेवला?" मी ओरडलो. "थे काय ठेवाची जागा आहे? अक्कल पाह्यजे मानसाले!"

चुलीजवळ रोडग्यांची राख झटकत बसलेल्या विहीणबाई हळूच उठल्या.

"म्या ठेवला होता जी," त्या म्हणाल्या. "तारीख ठरल्यावर तोंड गोड कराले आनली होती घरून."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लेकीनं पाहिलंच नाही, ते जास्त लागलं.

व्याही पँट दुमडून खाली उतरले आणि रिकामा डबा घेऊन आले. "दोन डोह खाली थांबला होता," ते म्हणाले. "तुमचं बराबर हाय इवाई. जोर मरते पान्याचा."

तेव्हाच हात जोडून विहीणबाईंपुढे उभं राहायला हवं होतं. त्याऐवजी मी ओढ्यात उतरलो आणि तो दगड परत बसवू लागलो. इकडून दाबला की पाणी तिकडून निसटायचं. उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला. काठावरून सगळे बघत होते आणि मला वर येण्याची हिंमत नव्हती.

"बाबा," शेवटी लेक म्हणाली, "दगडाले तरी सोडा आता."

जेवताना विहीणबाईंनीच माझ्या रोडग्यावर तूप सोडलं. कमी नाही, जास्त नाही, सगळ्यांना घातलं तेवढंच. भाजीचं कौतुक झालं, थंडीचं बोलणं झालं. तारखेचं नाव कोणी काढलं नाही. निघताना व्याही एवढंच म्हणाले, "कळवतो फोनवर."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोन खिशातून काढायचो, बघायचो, ठेवायचो. स्वतः लावायची मात्र छाती झाली नाही.

फोन आला. माझ्याकडे नाही, बायकोकडे. दोघी विहिणींनी मिळून तारीख ठरवली. मला ती दुसऱ्या दिवशी कळली, बायको दारातल्या भाजीवाल्याला सांगत होती तेव्हा. मेथीची जुडी हातात धरून मी मागे उभा होतो. "मले काहून नाई सांगितलं?" हे ओठांपर्यंत आलं. मग मेथी घेऊन मी आत गेलो आणि निवडायला बसलो.