बोटीची परीक्षा झोक्यावर

जळगावच्या एका शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवला आणि तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्वालामुखी तरी मी कुठे पाहिला होता? पण समुद्राचा धडा मी असा रंगवायचो की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसायची! भरती म्हणताना दोन्ही हात वर, ओहोटी म्हणताना वाकून मागे मागे, थेट फळ्याला पाठ टेकेपर्यंत. पोरांनी माझं नाव 'दर्यासर' ठेवलं होतं आणि मला ते मनातून आवडायचं.

आता खरं ते सांगून टाकतो. मला पाण्याची भयंकर भीती वाटते. एस.टी. तापीच्या पुलावर आली की मी डोळे गच्च मिटून घेतो आणि पूल संपल्यावर बायकोला सांगतो, "जरा डुलकी लागली होती."

अशा माणसाने गप्प बसावं की नाही? पण लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून एका संध्याकाळी मला उमाळा आला. बायको, म्हणजे सुलोचना, तूरडाळ निवडत बसली होती.

"सुलोचना, पंचविसावं वर्ष आहे. तुला काय हवं ते माग!"

माझी धाव पैठणीपर्यंत होती. फार तर मिक्सर. तिने मान वर न करता सांगितलं, "मला बोटीत बसायचंय."

"कसल्या बोटीत?"

"समुद्रातल्या. मोठ्या. काठ दिसेनासा होईपर्यंत जायचं. तुमच्याबरोबर."

पंचवीस वर्षांत या बाईने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. घरातला पंखासुद्धा मला टायफॉइड झाला म्हणून आला होता. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची हिंमत नव्हती. मी "बघू की!" म्हणालो आणि चपला घालून उगाचच बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आलो. (घरात दोन जुड्या होत्या.)

मुंबईच्या भाच्याला पत्र टाकलं. त्याने दोन बोटींची माहिती कळवली. एक मुंबई ते गोवा जाणारी मोठी बोट. सकाळी निघणार, दुसऱ्या दिवशी पोचणार. दुसरी भाऊच्या धक्क्यावरून पलीकडे रेवसला जाणारी लाँच. दीड तास, आणि काठ जवळजवळ सगळा वेळ दिसत राहतो! माझी निवड पत्र वाचता वाचताच झाली. आता प्रश्न होता तो सुलोचनाच्या गळी उतरवण्याचा.

रविवारी सकाळी शिकवणीचा फळा ओट्यावर मांडला, मधोमध रेघ मारून एकीकडे मोठी बोट, दुसरीकडे लाँच असं लिहिलं आणि तिला समोर बसवलं.

"हे बघ. मोठ्या बोटीचा तोटा क्रमांक एक. तुला बोट लागेल."

"मला?"

"डोकं गरगरतं, पोट ढवळून निघतं, माणसाला वाटतं यापेक्षा मेलेलं बरं. तुझी तब्येत ही अशी नाजूक!" (ही नाजूक बाई भरलेलं गॅस सिलिंडर एकटी जिना चढवून आणते. मी खालून "सांभाळून गं!" म्हणतो.)

"मग लागते का ते पाहू या की," ती म्हणाली.

"कसं पाहणार? जळगावात समुद्र कुठून आणू?"

"आखाजीला माहेरी जायचंच आहे. झोक्यावर पाहू. दोघंही बसू. ज्याला गरगरणार नाही, त्याने बोट निवडायची."

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षयतृतीया. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला दोर टांगतात आणि दिवसभर झोके घेतात. सुलोचनाचं माहेर साक्रीकडचं एक खेडं. मी मनात म्हटलं, झोका म्हणजे झोका, त्यात काय एवढं? आणि फळ्यावर लिहूनही टाकलं: अट मान्य. त्या फळ्यावर मी आजवर लिहिलेल्या चुकांमध्ये हिचा नंबर पहिला लागतो.

आम्ही पोचायच्या आधीच बातमी गावात पोचली होती. सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, दारातच उभे होते. पण झोका नंतर, आधी पान! आमच्याकडे आखाजीला पुरणाचे मांडे करतात. उपड्या खापरावर भाजलेला, अंगपुसण्याएवढा एकेक मांडा. सोबत आमरस. आणि जावयाची वाटी रिकामी दिसणं म्हणजे सासुरवाडीची अब्रू जाणं.

"आजून एक ल्या, जावईबापू!"

"नाना, खरंच पुरे."

"असं कसं? आखाजी शे!"

चार मांडे झाले. रसाच्या वाट्या मी सातपर्यंत मोजल्या, पुढे शुद्ध राहिली नाही. त्या अवस्थेत मला कडुनिंबाखाली नेण्यात आलं.

आधी सुलोचना चढली. पदर खोचला, फळीवर उभी राहिली आणि अशी सुटली की येताना फांदीची पानं डोक्यात घेऊन आली! चांगली वीस मिनिटं. उतरली आणि सरळ चालत जाऊन आईला विचारलं, "चहा टाकला का गं?"

मग माझी पाळी. आखाजीच्या झोक्यावर पुरुष, आणि तोही जावई, हे दृश्य गावाने पाहिलेलं नव्हतं. आया-बाया गोळा झाल्या. म्हाताऱ्या तर घरून बाजा उचलून घेऊन आल्या! दोन दणकट मुली झोका द्यायला उभ्या राहिल्या आणि सुलोचनाच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, गाणं धरलं. अक्काचा आवाज असा की झुंजणारे बैलसुद्धा बाजूला होतात.

मला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. त्या गावात गाणं पुरं झाल्याशिवाय झोका थांबवत नाहीत. आणि गाण्यात एकेका कडव्याला घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं असतं. आणि नानांना सहा भाऊ आहेत!

पहिल्या कडव्याला मी हसत होतो. दुसऱ्याला हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आतून मी गेलो होतो. तिसऱ्याला नानांचं घर माझ्या डोक्यावर आलं आणि म्हशी आभाळात चरायला लागल्या.

"थांबवा!" मी ओरडलो.

"थांबा जावई!" खालून अक्का ओरडली. "मोठा काकास्नं नाव बाकी शे! त्यास्ले राग यी!"

मोठे काका समोरच नवंकोरं धोतर नेसून, टोपी सारखी करून, आपल्या नावाची वाट पाहत बसले होते. अक्काने त्यांचं नाव घेतलं. काका मान डोलवायला पुढे झुकले. नेमका त्याच वेळी झोका पुढे आला आणि मोजलेल्या सातच्या सात वाट्या रस परत आला. कुठे पडला ते मी सांगत नाही, पण काकांना पुढची तीन वर्षं आमरस चालत नव्हता.

"काय व्हयनं? काय व्हयनं?"

"जावईले झोका लागना!" म्हणजे बोट लागते तसा झोका लागला!

मला बाजेवर आडवं केलं. मी बाजेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या, कारण बाजही डोलत होती. सगळे पांगल्यावर सुलोचना ओलं फडकं घेऊन उशाशी बसली आणि हळूच म्हणाली, "तापीच्या पुलावर तुम्हाला डुलकी लागत नाही, हे मला लग्नाच्या आठव्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भूगोलाचे सर. म्हटलं, राहू द्या."

मला इतकी लाज वाटली की गरगरणं क्षणभर थांबलं. जन्मात एकदा मागितलेली गोष्ट मी खडूने दीड तासावर आणून ठेवली होती, आणि ही बाई पंचवीस वर्षं माझी अब्रू पदराखाली झाकून चालली होती. मी उठून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही, म्हणून आडव्यानेच म्हणालो, "मोठी बोट. गोव्याची. आणि मी येणार."

"नक्की?"

"नक्की!"

हे नानांनी दारातून ऐकलं. ते म्हणाले, "मंग जावईले संभाळाले कोनी तरी पायजे." अशा रीतीने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीत अक्का आली.

लग्नाच्या तिथीलाच सकाळी आम्ही धक्क्यावर हजर! अक्काने लिंबं, ओवा, फोडलेले कांदे आणि घरची पितळी बादली आणली होती. मी समुद्राकडे न बघता बोटीत चढलो, खालच्या केबिनमध्ये गेलो आणि पाठ टेकली. थोड्याच वेळात सुरू झालं. भिंती डोलू लागल्या, पोट गळ्याशी आलं. मी बादली जवळ ओढली. पण तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही. सुलोचनासाठी सोसायचं ठरवलं होतं! समुद्र म्हणून मी जे पाहिलं ते एवढंच: गोल, पितळी आणि कडीचं.

बराच वेळ असा गेल्यावर दारावरून एक खलाशी चालला होता. त्याला क्षीण आवाजात विचारलं, "दादा, रत्नागिरी गेली का हो?"

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बादलीकडे पाहिलं. "साहेब, बोट सुटायला अजून वीस मिनिटं आहेत. दोर बांधलेलाच आहे."

सुलोचनाने माझी पिशवी उचलली. "चला, उतरू या."

तिच्या आवाजात रागाचा टिपूसही नव्हता. डोळे मात्र गोल खिडकीतून बाहेर लागले होते. मी पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "मी उतरतो. तू नाही."

"तुमच्याशिवाय?"

"अक्का आहे ना! मला सांभाळायलाच आणलीय. तुला सांभाळेल. तुझ्यात काम कमी आहे."

मी उतरलो. भोंगा झाला, बोट हलली. कठड्याशी उभी राहून सुलोचना लहान मुलीसारखी दोन्ही हात हलवत होती. मीही हात हलवत राहिलो, एका खांबाला मिठी मारून, कारण माझ्या मते धक्काही निघाला होता.

चौथ्या दिवशी जळगावात पोस्टकार्ड आलं. पोस्टमनने ते आधीच वाचलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सुलोचनाने लिहिलं होतं: "समुद्र पाहून मला रडू आलं. तुमची फार फार आठवण आली. तुम्ही बरोबर नव्हतात, ते फार बरं झालं."