किसनरावांच्या झडतीतले अलंकार

बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं म्हणतात. किसनरावांची अंबाडी तर घाटंजीच्या बाजारातून कधी परत आलीच नाही. गिऱ्हाईक यायचं भाजीला आणि बसायचं गप्पांना. शाळा चौथीपर्यंत, शेती कोरडवाहू, वावरात कपाशी आणि तूर, दावणीला एक बैलजोडी. आणि तोंड? त्याला बाप्पा सुट्टीच नाही! कोळपणीचा डवरा धरला की बैलांशी बोलायचं, डवरा सोडला की बांधावर जो कोण सापडेल त्याच्याशी.

या तोंडाचा खरा मान पोळ्याला. सजवलेल्या जोड्या गावच्या आखरावर, गुरं जमायच्या मैदानात, तोरणाखाली उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी गडी एकमेकांवर यमक जुळवून टोमणे मारतात. त्यालाच झडती म्हणतात. एकानं टाकायची, दुसऱ्यानं तोडायची. या गावची रीत अशी, की ज्याची झडती कुणालाच तोडता आली नाही त्याची जोडी मानाच्या जोडीमागं तोरणाखालून जाते. ही जागा किसनरावांच्या बापानं मिळवली ती घरातून हललीच नव्हती. खालच्या वेटाळातला घनश्याम टपून बसला होता ती गोष्ट वेगळी. मागच्या वर्षी त्यानं किसनरावांना चांगलाच घाम फोडला होता. किसनराव वरून हसले, पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

यंदा श्रावणात एक गंमत झाली. नात प्रेरणा दहावीला. तिच्या वर्गाला अलंकार काही केल्या कळेनात. उपमा म्हटलं की पोरांना नाश्त्याची प्लेट दिसायची! मराठीच्या दीपा मॅडम यवतमाळहून येणाऱ्या, हौशी बाई. त्या म्हणाल्या, "पुस्तक बाजूला ठेवू. गावात यमक जुळवून कोण बोलतं?" सगळ्या वर्गाची बोटं प्रेरणाकडे.

झालं! धोतर-टोपी घालून किसनराव शाळेत गेले आणि खाकरून त्यांनी बायकोच्या भाकरीवरची ठेवणीतली झडती टाकली:

"तवा तापला, धूर कोपला,
तानाबाईची भाकर पांघरून बोका झोपला!"

वर्ग हसून लोळला. मॅडमनी दोन्ही ओळी फळ्यावर लिहिल्या. "तापला, कोपला, झोपला, हे काय?" "यमक!" "तवा तापला, त-त?" "अनुप्रास!" "धुराला कधी राग येतो का? निर्जीव वस्तू माणसासारखी वागली तर?" "चेतनगुणोक्ती!" "आणि एवढी मोठी भाकर असते कधी?" "अतिशयोक्ती!" मग मॅडमनी त्याच भाकरीवर पुढचं सांगितलं. भाकर घोंगडीसारखी म्हटली तर उपमा. भाकर जणू घोंगडीच, ही उत्प्रेक्षा. भाकर आणि घोंगडी एकच मानली तर रूपक. आणि ही भाकर नव्हेच, घोंगडी आहे, असं म्हटलं तर अपन्हुती. पोरांना तर कळलंच, पण किसनराव मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून बसले होते. आपण जन्मभर बोललो त्याला नावं आहेत, आणि तीही एवढी भारदस्त!

पोरांनी टाळ्या वाजवून म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. घरी येऊन त्यांनी तानाबाईला सांगितलं, "तुह्या भाकरीत चार अलंकार निंगाले आज!"

तानाबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "जाड केली तं गावाले सांगता, पातळ केली तं जेवत नाई. जेवा गुमान."

आता किसनरावांनी पणच केला. पोळ्याला अशी झडती टाकायची की त्यात झाडून सगळे अलंकार आले पाहिजेत. घनश्याम तोडतो कसा तेच पाहू! वावरात, न्हाणीत, बैलांच्या शिंगांना बेगड लावताना नुसती जुळवाजुळव चालली. मधूनच प्रेरणाला हाक, "पोरी, 'जणू' आलं का कोणता व्हय?" "उत्प्रेक्षा, आबा." "आन 'नाही, नाही' म्हटलं का?" "अपन्हुती. पण आबा, आधीच्या झडत्या तुमी असं इचारून केल्या का?" किसनराव डाफरले, "तुले का समजते!"

पोळ्याच्या दिवशी आखर भरून गेलं. ट्रॅक्टर आल्यापासून जोड्या कमी झाल्या, पण माणसं कमी झाली नाहीत. एका अंगाला आरतीची ताटं घेऊन बाया, शाळेच्या ओट्यावर पोरं आणि दीपा मॅडम. घनश्यामनं मिशीला हात लावून किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी सुरुवात केली:

"ही कपाशी नोहे, हे चांदणं व्हय,
वारा जणू..."

आणि थांबले. आधी अपन्हुती झाली, आता उत्प्रेक्षा, का आधी रूपक घ्यायचं होतं? वारा जणू काय? पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा "वारा जणू" आलं आणि दातखीळ बसली. वारा काही केल्या पुढं सरकेना! बापाची जागा डोळ्यांदेखत चालली होती आणि ज्या तोंडानं ती आजवर राखली ते तोंडच मिटलं होतं.

घनश्यामनं संधी सोडली नाही:

"म्हातारपणी शाळंत गेला, बाकावर बसला,
जीभ तिथंच इसरून हा तोरणाखाली फसला!"

अरे, काय हशा पिकला! "हर बोला" करत लोकांनी टोप्या उडवल्या. "तोडा, किसनबाबा, तोडा!" पण किसनरावांना काही सुचेचना. घनश्यामनं आपल्या जोडीचा कासरा ओढलाही.

तेवढ्यात बायांमधून आवाज आला. हातात ताट, डोक्यावर पदर, आणि बोलणं खणखणीत:

"वावरात बोले, घरात बोले, बोले भर बजारात,
घडीभर चूप बसला तं घनश्याम आला जोरात!"

सगळे वळून पाहू लागले. तानाबाई! आजवर बाईमाणसानं या आखरावर झडती टाकली नव्हती आणि जिच्या भाकरीवर गाव इतकी वर्षं हसलं, ती तर चारचौघांत तोंडातून ब्र काढणारी नव्हती. मग बायाच आधी हसल्या, आणि मग आखर असं गरजलं की बैल बुजले. घनश्यामनं डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "वहिनीची झडती मले नाई तोडता येत, बाप्पा," आणि आपली जोडी मागं घेतली. माणूस दिलदार, म्हणून तोही हसला.

ओट्यावरून मॅडमनी हौसेनं विचारलं, "तानाकाकू, यात कोणता अलंकार?"

"अलंकार कायचा वं बाई? खरं हाये थे."

किसनराव पुढं आले. लाजही वाटत होती आणि ऊरही भरून आला होता. त्यांनी कासरा बायकोच्या हातात दिला. "धर. जागा आज तुह्यानं राह्यली."

"लोक पाह्यतील ना!"

"पाहू दे."

मानाच्या जोडीमागून तानाबाई बैल घेऊन तोरणाखालून गेल्या, आणि किसनराव आरतीचं ताट घेऊन मागं. पुढं घरोघरी बैलांची पूजा झाली, लोकांनी थट्टा केली, घनश्यामनं पाठीत धपका घातला. किसनराव नुसते हसत राहिले. गाव मागं पडलं, घराचा बोळ आला, तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

दाराशी तानाबाई थांबल्या. वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, बोला ना काई," त्या म्हणाल्या. "तुमी चूप राह्यले तं मले करमत नाई."