वाकड्या तोंडाची निवड

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवाशी बोलत नव्हते, भांडत होते. एका सकाळी चूळ भरायला गेले आणि पाणी ओठांच्या डाव्या कडेतून सरळ पदरावर. आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणा रुसलेल्या बाईचा. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या घ्या, गाल चोळा, बरं वाटेल. किती, ते सांगता येत नाही. माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं, देवाने तुला त्याच्या गोष्टी सांगायला निवडलं आहे. ते मी फार मनावर घेतलं. दरवर्षी आमच्या मंडळीचा मेळावा भरतो, तिथे मांडवात शास्त्रातल्या गोष्टी मीच सांगायची. वादळ व्हायची, राजा व्हायची, गाढवसुद्धा व्हायची, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तंबाखू मळायच्या थांबायच्या. आणि आता प, ब, म म्हणायला ओठच जुळेनात! प्रभू, बाप, परमेश्वर, सगळी त्याचीच नावं. मी छपराकडे बघून ओरडले, "स्वतःच निवडतोस आणि स्वतःच मोडून ठेवतोस? ही कुठली रीत?"

तरी मेळाव्याच्या बैठकीला गेले. पाळकसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, यंदा तुम्ही आराम करा. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." प्रार्थना करू म्हणजे बाजूला बसा, एवढं मला कळतं. त्यांचा चहा तसाच ठेवून मी निघाले आणि विसरवाडीच्या स्टँडवर धुमसत येऊन उभी राहिले. बाकावर दोन गडी बसले होते. त्यांना नवापूरची गाडी विचारली. एकाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्याला कोपर मारलं. "मावशीनी सकायमाच टाकी लिन्ही शे!"

आदिवासी बाई, तोंड वाकडं, म्हणजे मोहाची दारू घेतलेलीच असणार! जन्मात थेंब न चाखलेली मी. मग मी जो आवाज लावला, तसा मांडवातही कधी लावला नव्हता. मराठी अपुरी पडली तेव्हा घरची, आम्हा आदिवासींची कोकणी बोली काढली. थुंकी उडत होती, अक्षरं फुर्रफुर्र निसटत होती, पण एक शब्द गिळला नाही. ट्रकवाले खाली उतरून बघू लागले. ते दोघे समोर आली ती गाडी पकडून पसार झाले. त्यांना त्या गाडीने जायचंही नसावं.

मी धापा टाकत होते, तेवढ्यात समोरच्या बांगड्यांच्या दुकानातून एक मुसलमान बाई लगबगीने आली आणि तिने माझा हातच धरला. "बाई, जराखा मन्हा घर चाल ना."

"का? घरातल्यांना दाखवायला? मी काय तमाशा आहे?"

"तमाशा नही वं! मन्हा मालकनं तोंड बी आसंच व्हयेल शे. तवापासून त्या बोलतसच नही. तू इतली भांडनी, मी दुकानमाईन आयकं. इतला लोकमा माले तूच पाहिजे."

चिडलेलीच होते. तरी म्हटलं, चला.

दुकानामागच्या खोलीत तिचा नवरा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, चेहऱ्यावर टॉवेल. गाद्या भरण्याचा धंदा. पूर्वी गल्लीगल्लीतून हाक देत फिरायचा, असं ती म्हणाली. तिने चहा दिला. मी घोट घेतला, अर्धा साडीवर सांडला. टॉवेल जरा सरकला, एक डोळा दिसला.

"बघा, बघा!" मी कडाडले. "स्टँडवर फुकट हसतात, तुम्ही निदान चहा पाजून हसा!" आणि त्याच्यासमोर देवाशी माझं राहिलेलं भांडण सुरू केलं. बोलता बोलता शास्त्रातला तो रुसका संदेष्टा आठवला, देवाने निवडला म्हणून जहाजात बसून पळून गेलेला. मग काय, खाट जहाज झाली, माझा पदर वादळ झाला. "ही तं आमनी बी गोष्ट शे," ती बाई दारातून म्हणाली; त्यांच्या कुराणातही तो संदेष्टा आहे. तोवर मासा संदेष्ट्याला गिळून बसला होता. मला धाप लागली, मी थांबले.

टॉवेल खाली आला. वाकड्या तोंडातून, लाळ सावरत, शब्द आले. "मंग... मासानं काय कयं?"

गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक असणार, तरी त्याने विचारलं. त्याची बायको झटकन पाठ फिरवून चुलीशी गेली, पण खांदे हलताना मला दिसले. आणि मी? रागाने उभी असताना माझ्या आत असा आनंद उसळला की मलाच त्याची लाज वाटली. सरळ तोंडाची मी त्या खोलीत काय कामाची होते? मांडवातून बाजूला केलेली बाई भरल्या स्टँडवरून हाताला धरून नेली गेली, तीही याच तोंडासाठी, याच तोंडातून भांडताना.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. ओठ आजही पुरते जुळत नाहीत, आणि देवाशी माझं अधूनमधून वाजतंच. पण माझा राग शांत व्हायची वाट न बघता ज्याने मला कामाला लावलं, त्याचे आभार मी रोज मानते. निवड सगळी त्याची होती. माझ्याकडून फक्त "चला" एवढंच झालं, तेही कुरकुरत.