शेपटीची अकरा कार्डं

विमानाच्या शेपटीची अकरा कार्डं मी गठ्ठ्यातून काढली आणि परत ठेवायला विसरलो. त्याची शिक्षा रंगनाथरावांना झाली.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नगरजवळच्या माळावर आमचा छोटा विभाग होता. विमानाच्या पाठीवर रेडिओची अँटेना बसवली, की तिच्या लहरी कुठे पोचतात आणि विमानाचं अंगच त्यांना कुठे अडवतं, हे आम्ही शोधायचो. रंगनाथराव पितळेचं छोटं विमान लाकडी मनोऱ्यावर बसवून थोडं थोडं फिरवत आणि मीटरवरचे आकडे वहीत उतरवत. मी तेच विमान गणितात मांडायचो. धड म्हणजे नळकांडं, पंख आणि शेपूट म्हणजे सपाट पत्रे. त्यांची मापं भोकं पाडलेल्या कार्डांवर. कार्डांचा गठ्ठा एस.टी.ने पुण्याला जायचा. तिथल्या कॉम्प्युटरवर आम्हाला आठवड्यातून एकदाच वेळ मिळे. एक चाचणी लवकर उरकावी म्हणून मी शेपटीची कार्डं बाजूला काढली होती. पुढच्या आठवड्यात खरा गठ्ठाही तसाच गेला.

उत्तर आलं: मागच्या बाजूला सिग्नल उत्तम.

"न्हाई सायेब," रंगनाथराव म्हणाले. "शेपटीमागं काटा पार झोपतोय. तीनदा फिरवून बघितलं."

"चौथ्यांदा बघा."

"बघतो की. पन काटा काय माझा बैल हाय व्हय, सांगंल तिकडं वळायला?"

चौथ्यांदाही तेच. आमच्या विभागप्रमुख साहेबांनी दोघांचेही आलेख टेबलावर ठेवले. "कोणाचं धरू?"

"सर, हे कॉम्प्युटरचं आहे. मोजणारा माणूस चुकतो."

रंगनाथराव हंगामी होते. त्यांना कायम करण्याचा कागद साहेबांकडेच होता. त्यावर शेरा पडला, 'मोजमापात निष्काळजी'. महिनाअखेरीस ते काष्टीला, गावी परत गेले.

माझ्या आलेखावर विसंबून अँटेना बसवली आणि खरं विमान उडालं. विमानतळाकडे शेपूट करून दूर जाऊ लागताच वैमानिकाचा आवाज तुटला. तो सुखरूप उतरला, हे त्याचं नशीब आणि माझंही. त्याच आठवड्यात रबरबँड लावलेली अकरा कार्डं मला ड्रॉवरमध्ये सापडली. मी ती गुपचूप गठ्ठ्यात घातली. नवा आलेख रंगनाथरावांच्या वहीशी तंतोतंत जुळला.

"शाब्बास, पद्धत सुधारलीस," साहेब म्हणाले.

मी "थँक यू, सर" म्हणालो.

विमानाला शेपूट असतं हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं, ते सांगावं लागतं. साहेबांनाही सांगावं लागलं असतं. मी बढती घेतली आणि सहा वर्षं गप्प राहिलो. साहेब निवृत्त झाले, मग वारले. तो शेरा खोडू शकणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मी काष्टीला गेलो.

बाजारचा दिवस होता. रंगनाथराव टेम्पोतून कांद्याची पोती उतरवत होते. ओळखून हसले. "सायेब! या, च्या घ्या."

"हे काय करताय? रेडिओ, पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं काम का नाही धरलं?"

"आलती कामं. पन पुन्हा मीटर हातात घ्याया धजलो न्हाई. आपल्याला काटा नीट वाचता येत न्हाई, असं ठरलं ना तवा. नगरला जाऊन डोळं दाखवलं. डाक्टर म्हनला, डोळं चांगलं हायेत. मंग म्हनलं, डोक्यातच खोट आसंल."

"रंगनाथराव, तुमचे आकडे बरोबर होते," मी म्हणालो. "शेपूट मी विसरलो होतो. कळल्यावरही लपवलं. माझं नाव राखायला तुमचं घालवलं. मला माफ करा."